डावीकडची खटखट

मोटारीला वाचा नसते असा एक गैरसमज मोटार नसलेल्या लोकांत आहे. ज्याने जुनी मोटार बाळगली आहे त्याला ठाऊक असतं की ती अखंड बोलत असते. सकाळी ती खोकते, चढावर कण्हते, गिअर बदलताना दातओठ खाते आणि सिग्नलला उभी राहिली की अंगात आल्यासारखी घुमते. ह्या सगळ्या आवाजांची सोय मराठी भाषेने मोटारी येण्यापूर्वीच करून ठेवली आहे. खडखड, खुडखुड, खटखट, करकर, कुरकुर, घरघर! इतका शब्दसंग्रह हाताशी असूनही एका साध्या खटखटीने २००६ साली माझी जी शोभा केली, ती आता इतकी वर्षं झाल्यावर सांगायला हरकत नाही.

गाडी मारुती आठशे, १९९५ सालची, माझ्याकडे दुसऱ्या हाताने आलेली. कंपनीला मी बिलकुल दोष देत नाही. अकरा वर्षं पुण्याचे खड्डे आणि त्यांतली सहा वर्षं माझं ड्रायव्हिंग सोसल्यावर रणगाड्याचेही सांधे धरले असते. आदल्या दिवाळीनंतर कधीतरी पुढून आवाज यायला लागला. सपाट रस्त्यावर काही नाही. पण जरा खड्डा आला की ‘खट्’. दार वाजवून कोणीतरी पळून जावं तसा.

आवाज आला ह्यावर आमच्या घरात एकमत होतं. तो कुठून आला ह्यावर नव्हतं. माझ्या मते उजवीकडून. आमच्या हिच्या मते डावीकडून. माझ्या म्हणण्याला आधार असा की मी उजवीकडे बसत होतो. तिच्या म्हणण्याला आधार असा की ती डावीकडे बसत होती. लग्नाला वीस वर्षं झालेल्या जोडप्याला वादासाठी एवढा मुद्दा महिनाभर पुरतो. आम्ही तो दीड महिना पुरवला.

मग सोसायटीतले सल्लागार आले. मोटारीच्या बाबतीत एक नियम आहे : ज्याच्याकडे गाडी नाही, त्याचं निदान सगळ्यांत ठाम असतं. तळमजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क म्हणाले, ‘‘बेअरिंग!’’ ते दुसरं काही म्हणतच नाहीत. पंखा वाजला तरी बेअरिंग आणि त्यांची मान आखडली तरी बेअरिंग. दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने मला अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची हकिगत ऐकवली. माझ्या गाडीच्या पुढच्या चाकांवर जी स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवलेली जोडी आहे, ती ह्या गृहस्थांनी दुसऱ्या महायुद्धानंतर काढली म्हणे. माहिती उत्तम होती. पण मॅकफर्सनसाहेब खटखट थांबवायला येणार नव्हते.

शेवटी मी गाडी एका चकचकीत गॅरेजात नेली. (नाव सांगत नाही, ते लोक अजून व्यवसायात आहेत आणि मी अजून पुण्यात आहे.) तिथे निळ्या कोटातल्या तरुणाने वहीत मान घालून विचारलं, ‘‘आवाज कसा येतो?’’

ह्या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणजे तोंडाने आवाज काढून दाखवायचा. मी बँकेत ऑफिसर. खुर्चीवर चार लोक वाट बघत बसलेले. मी हळूच म्हणालो, ‘‘खट्.’’

‘‘टक् का खट्?’’

‘‘खट्. म्हणजे... खट्‌क्!’’

‘‘एकदाच, की खट्‌खट्?’’

‘‘खड्डा मोठा असला तर खट्‌खट्.’’ इथे माझा आवाज चढला असावा, कारण वाट बघणाऱ्यांपैकी एका बाईंनी मुलाला जवळ ओढलं. तरुणाने वहीत ‘पुढे आवाज’ एवढे दोनच शब्द लिहिले. ते मी फोनवरही सांगू शकलो असतो.

मग तो गाडी फिरवायला घेऊन गेला. पाहुण्यांसमोर ‘बाळ, कविता म्हणून दाखव’ म्हटल्यावर पोर जसं तोंड शिवून बसतं, तशी आमची गाडी बसली. खड्ड्यांतून गेली, बॅरिकेडांजवळून गेली, पण चकार शब्द काढला नाही. तो परत येऊन माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागला की खटखट बहुधा माझ्या डोक्यात असावी. तरीपण त्यांनी दोन्ही शॉकअप बदलले. आवाज गेला नाही. पुन्हा गेलो, तेव्हा गाडी लिफ्टवर चढवून लोअर आर्मचे बुश बदलले. ह्या वेळी आवाज गेला. मी पेढे वाटायचाच बाकी होतो. दीड महिन्याने तो परत आला, माहेरी विश्रांती घेऊन आल्यासारखा टवटवीत.

त्यानंतर मी जे केलं ते कोणताही सुशिक्षित माणूस करतो. मी गाडीतला टेप मोठा केला. खड्डे फार असले की तबला असलेली कॅसेट लावायची आणि चांगल्या रस्त्याला भावगीतं. खटखट आणि ठेका बरेचदा जुळून यायचे. पंधरा दिवसांत मला आवाज ऐकू येईनासा झाला. मी समजलो, दुरुस्त झाला.

आमच्या हिचं माहेर पाबळ. पुण्यात हे सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, ‘‘म्हणजे मस्तानीचं पाबळ?’’ तेच. पहिल्या बाजीरावांपाठोपाठ १७४० साली मस्तानी गेली, तिची कबर ह्या गावात आहे. पुणेकरांना मस्तानी म्हणजे ग्लासातली, वर आइस्क्रीमचा गोळा घातलेली. पाबळला मात्र ती दगडी तटबंदीच्या आत शांत झोपलेली आहे. शिरूर तालुक्यातलं हे गाव पुण्यापासून साठेक किलोमीटरवर, नगर रस्त्याने शिक्रापूरला जाऊन डावीकडे वळायचं. पावसाने कायम उधारीवर ठेवलेला मुलूख. पण गावाला आणखी एक ओळख आहे. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचे शास्त्रज्ञ मुंबईच्या मोठ्या कंपनीतलं संशोधन सोडून ह्या दुष्काळी गावात आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतून गळलेल्या पोरांना वेल्डिंग, सुतारकाम, वीज, पंप, शेती, कोंबड्या असं सगळं हातांनी करता करता शिकवायचं, ही त्यांची कल्पना. आश्रमात जुन्या जीपचे सुटे भाग जुळवून ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टरसुद्धा तयार झाला. योगायोग बघा, त्याच १९८३ सालच्या डिसेंबरात मारुती आठशे रस्त्यावर आली. एकाच वर्षी जन्मलेल्या ह्या दोन गोष्टींची गाठ माझ्या हातून पडायची होती.

आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आणायचं होतं. मार्चमधला शनिवार. आप्पा प्राथमिक शाळेतले निवृत्त शिक्षक. नजर अधू झाल्यापासून त्यांचे कान इतके तिखट झाले होते, की शेजारच्या आळीत चहा उतू गेलेला त्यांना ओसरीवर कळायचा. मी गाडी अंगणात आणून उभी केली, तर आप्पा काठी टेकत उठले. ‘या’ नाही, ‘बसा’ नाही. म्हणाले, ‘‘जावईबापू, ही अशी चालवत आणलीत?’’

‘‘अशी म्हणजे?’’

‘‘मारुतीच्या देवळापासून ऐकतोय. डावीकडचं पुढचं चाक काहीतरी सांगतंय.’’

‘डावीकडचं’ हा शब्द ऐकल्याबरोबर आमच्या हिच्या चेहऱ्यावर जे तेज चढलं, ते लग्नाच्या वेळच्या फोटोतसुद्धा नाही.

मी म्हणालो, ‘‘जुनाच आवाज आहे हो. सवयीचा.’’

‘‘सवय तुम्हाला झाली,’’ आप्पा म्हणाले. ‘‘चाकाला झाली का, ते बघायला पाहिजे. मिस्त्रीला बोलावून घेतो. तोवर मी ह्यात बसायचा नाही.’’

मिस्त्री आप्पांचाच चौथीतला विद्यार्थी. दहावीला दोनदा आपटल्यावर आप्पांनीच त्याला हाताला धरून आश्रमात नेऊन घातलं होतं. वर्षभर तिथे शिकला आणि पुढे स्टँडजवळ पत्र्याची शेड टाकून बसला. पस्तिशीचा, सावळा, सडपातळ माणूस. मी घसा खाकरून ‘खट्’ म्हणायच्या तयारीत होतो. पण त्याने आवाज कसा येतो हे विचारलंच नाही.

‘‘पाव्हणं, आधी डिकी रिकामी करा,’’ तो म्हणाला.

डिकीतून स्टेपनी, जॅक, पाना, दोन नारळ, मुलाचा हरवलेला क्रिकेटचा चेंडू आणि सौभाग्यवतीने रद्दीत द्यायला म्हणून तीन महिन्यांपूर्वी ठेवलेली पितळी समई निघाली. जॅक आपल्या जागेवरून सुटलेला होता. मी आनंदाने ओरडलो, ‘‘हाच! हाच वाजत होता!’’

‘‘हा बी वाजत होता,’’ मिस्त्री म्हणाला. ‘‘पर ह्याचा आवाज मागनं. लई येळा नुसता जॅक वाजतो आन् लोकं पाच हजाराचं काम काढत्यात. म्हून आधी फुकटचं बघायचं.’’

मग त्याने गाडी गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर नेली. मला चालवायला बसवलं आणि स्वतः डावीकडच्या खिडकीबाहेर मुंडकं काढून बसला. टेप बंद. आधी फक्त उजवं चाक दगडगोट्यांवरून नेलं : शांत. मग फक्त डावं : खट्! साडेतीन मिनिटांत माझा दीड महिन्यांचा दावा खारीज झाला. त्यासाठी दगडावर एकेक चाक घालायचं एवढं साधं शास्त्र होतं, पण आम्ही नवराबायको ते वाद घालून सिद्ध करत बसलो होतो.

‘‘आता हलका ब्रेक दाबून धरा आन् तसंच न्या.’’ आवाज होता तसाच. म्हणजे ब्रेकमधलं काही सैल नाही. तसं असतं तर दाब पडल्यावर गप्प झालं असतं. गाडी उभी करून त्याने मला स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवायला लावलं आणि स्वतः बॉनेट उघडून शॉकअपच्या डोक्यावर पंजा ठेवला. काही टुकटुक नाही; म्हणजे वरचं माउंटिंग ठीक. मग बॉनेट लावून पुढचा कोपरा जोर देऊन खाली दाबला आणि सोडला. गाडी एकदा वर आली आणि थांबली. झुलत राहिली नाही. ‘‘शॉकअप झकास हायेत. नवं दिसत्यात.’’ नवे कसे दिसणार नाहीत? त्यांचं बिल अजून माझ्या खिशात होतं.

अंगणात आल्यावर त्याने मागच्या चाकांना दगड लावले, गाडी जॅकवर चढवली आणि पुढे खालून लाकडाचा जाड ओंडका सरकवला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणारा एकदाच शिरतो, असं त्याचं म्हणणं. मग लोंबकळणारं डावं चाक त्याने घड्याळासारखं धरलं. एक हात नऊवर, एक तीनवर, आणि हलवलं : घट्ट. ‘‘स्टिअरिंगचा टायरॉड चांगला.’’ मग एक हात बारावर, एक सहावर. चाक हललं. अगदी थोडं, पण हललं, आणि आतून तो ओळखीचा आवाज आला. खट्.

आता तळमजल्यावरच्या हेडक्लार्कांची लाज राखण्याची ही शेवटची संधी होती. मी म्हणालो, ‘‘बेअरिंग!’’

मिस्त्री हसला. ‘‘ताई, जरा आत बसून ब्रेक दाबून धरा.’’ आमच्या हिने ब्रेक दाबला. त्याने चाक पुन्हा हलवलं. खट्. ‘‘बेअरिंगचा प्ले असता तर ब्रेक दाबल्यावर गेला असता. गेला न्हाई. आता पाव्हणं, हात द्या इकडं.’’

मी शर्टाची बाही वर केली. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या गाडीखाली हात घातला. त्याने माझी बोटं लोअर आर्मच्या टोकाशी नेऊन ठेवली, जिथे आर्म चाकाच्या बैठकीला जोडलेला असतो. तिथे एक गोळी वाटीत बसवलेली असते, आपल्या खांद्याच्या सांध्यासारखी. तिला बॉल जॉइंट म्हणतात. ‘‘आता म्या हलवतो.’’ त्याने चाक हलवलं. माझ्या बोटांखाली काहीतरी ‘टुक्’ झालं, दुखऱ्या दातासारखं. चार महिने मी जो आवाज कानांनी उजवीकडे, डावीकडे, डोक्यात, तबल्यात शोधत होतो, तो बोटांना एका क्षणात सापडला. लोखंडातून आवाज कुठूनही कुठे जातो, कान फसतो. बोट फसत नाही.

टॉर्च मारून त्याने दाखवलं. सांध्यावरची रबराची टोपी फाटली होती. तिच्यातून माती आणि पाणी शिरलं होतं, ग्रीस कधीच वाहून गेलं होतं आणि गोळी वाटीत कोरडी घासत होती. टॉमी लावून जरा उचकटल्यावर तो सांधा इतका हलला, की मलाही समजलं.

‘‘हे आणखी किती दिवस चाललं असतं?’’ मी विचारलं.

मिस्त्रीने ताबडतोब उत्तर दिलं नाही. हात पुसले. मग म्हणाला, ‘‘सांगता येत न्हाई. महिना चाललं असतं. न्हाईतर शिक्रापूरपत्तूर चाललं असतं. गोळी वाटीतनं निसटली की चाक आडवं पडतं. मग स्टिअरिंग हातात ऱ्हातं, गाडी ऱ्हात न्हाई.’’

कोणी काही बोललं नाही. नगर रस्त्यावर सकाळी मी एका उसाच्या ट्रकला मागे टाकलं होतं. मागच्या सीटवर मुलगा झोपला होता, ही शेजारी बसून भाजी निवडत होती आणि मी गाण्याचा आवाज वाढवला होता. ते गाणं कुठलं होतं ते मला अजून आठवतं. ते मी परत कधी लावलं नाही.

आप्पा ओसरीवरून एवढंच म्हणाले, ‘‘मुलगा वर्गात बडबड करायला लागला, की आम्ही त्याला गप्प बस म्हणायचो. का बडबडतोय ते विचारायचं सुचायला मला वीस वर्षं नोकरी करावी लागली. तुम्ही चार महिन्यांत आलात. ठीक आहे.’’ शिक्षकांचं सांत्वन हे असं असतं. मार्क मिळतात, पण काठावरचे.

नवा लोअर आर्म शिक्रापूरला मिळाला नाही. सोमवारी रजा टाकून मी एस.टी.ने पुण्याला गेलो आणि नाना पेठेतून, बॉल जॉइंट आणि बुश बसवलेला सबंध आर्म घेऊन, सासूबाईंनी पापडासाठी दिलेल्या कापडी पिशवीत घालून परत निघालो. मोटार असलेल्या माणसाने मोटारीचा अवयव मांडीवर घेऊन एस.टी.ने जाण्यात जी नम्रता येते, ती कुठल्याही पारायणाने येत नाही. कंडक्टरने पिशवीतून बाहेर आलेलं टोक पाहून विचारलं, ‘‘कुळवाचा भाग का ओ?’’ मी म्हणालो, ‘‘मोटारीचा.’’ त्याने सहानुभूतीने मला खिडकीची जागा दिली.

संध्याकाळी मिस्त्रीने आर्म बसवला. सगळे बोल्ट लागले आणि मी पाकीट काढायला लागलो, तर तो म्हणाला, ‘‘थांबा, अजून आवळलं न्हाई.’’ आतल्या बाजूच्या बुशचा बोल्ट त्याने नुसता हाताने धरेल इतपतच लावला होता. ओंडका काढून गाडी खाली घेतली. चारी चाकं जमिनीला लागली. दोनदा पुढचा भाग दाबून तिला नीट बसू दिलं, आणि मगच खाली आडवं होऊन त्याने तो बोल्ट पूर्ण आवळला.

मी विचारलं, ‘‘हे वर असतानाच का नाही केलंत? सोपं गेलं असतं.’’

‘‘सोपं जातं, म्हून तर समदे तसं करत्यात. गाडी हवेत असताना चाक लोंबतं. तवा रबर आवळलं की ते लोंबत्या जागी धरून बसतं. मग गाडी जमिनीवर आली की रबराला कायमचा पीळ. रोज पिळलं जातं आन् महिन्या-दीड महिन्यात फाटतं.’’ जुना बुश त्याने माझ्या हातावर ठेवला. दीड महिन्यापूर्वीचा, नवा कोरा, आणि पोळीसारखा फाटलेला. त्या चकचकीत गॅरेजात मला गाडी लिफ्टवर उंच चढलेली आठवली. बुश वरच आवळले गेले होते, आणि शेजारचा बॉल जॉइंट कोणी हात लावून बघितला नव्हता.

‘‘हे आश्रमात शिकलात?’’ मी विचारलं.

‘‘बुशचं न्हाई. ते हितं, शेडमधी शिकलो, चार बुश फाडून. आश्रमात येवढंच शिकलो, का फाटलं ते फाटलेल्याला इचारायचं.’’

आप्पा हसले. म्हणाले, ‘‘मी ह्याला चार वर्षं शिकवलं ते सगळं हवेत आवळलेलं होतं. जमिनीवर टेकल्याबरोबर फाटलं. कलबागसाहेबांनी आधी जमिनीवर उभा केला आणि मग आवळला.’’

मिस्त्रीने मजुरी घेतली दीडशे रुपये. वर सांगितलं, पुण्याला गेल्यावर चाकांचं अलाइनमेंट तपासून घ्या, नाहीतर टायर एका बाजूने खाईल. आणि उजव्या बाजूची रबराची टोपीही दर सहा महिन्यांनी बघत जा. ‘‘ती बी त्याच रस्त्यानं आलीय.’’

दुसऱ्या दिवशी आप्पांना घेऊन आम्ही निघालो. टेप बंद होता. शिक्रापूरपर्यंत एक खड्डा मी चुकवला नाही. मुद्दाम नव्हे, पण फार टाळलेही नाहीत. खट् नाही की टक् नाही. त्या शांततेत गाडीतले बाकीचे आवाज पहिल्यांदा ऐकू आले. वायपरची कुरकुर, मागच्या दाराची खुळखुळ, पेट्रोलच्या टाकीतली चुळचुळ. आमच्या हिचं बोलणंही बऱ्याच दिवसांनी सलग ऐकू आलं. मुलाला शाळेत कोणीतरी त्रास देतं, हे ती मला तीन आठवडे सांगत होती म्हणे. मी ‘हं’ म्हणत होतो.

आप्पांचं ऑपरेशन छान झालं. पट्टी काढल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘बरेच पिकलात की!’’ मारुती आठशेचं उत्पादन २०१४ साली थांबलं, त्याच्या आधीच आमची गाडीही गेली. तो झिजलेला बॉल जॉइंट मात्र मिस्त्रीने फडक्यात बांधून दिला होता, तो माझ्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून असतो. पाहुण्यांना वाटतं, कसलं तरी बक्षीस असावं. घरात कोणी काही सांगायला लागलं आणि मी वर्तमानपत्र उंच धरलं, की आमची ही तो उचलते आणि काही न बोलता दोन बोटांनी हलवते.

खट्.

मी वर्तमानपत्र खाली ठेवतो.